एबी फॉर्मविना उमेदवार

अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाची निवडणूक लढवणाऱ्याला एबी फॉर्म लागत नाही. तिथं तिकीटवाटप करणारं पार्लमेंटरी बोर्ड नाही, शेवटच्या रात्री यादीतून नाव कापणारे श्रेष्ठी नाहीत आणि पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून सदस्यत्व घालवणारा पक्षांतरबंदी कायदाही नाही. पक्षाचा उमेदवार कोण, हे मतदारच प्राथमिक निवडणुकीत ठरवतात. मिशिगनसारख्या राज्यात तर मतदाराला आधी कुठल्या पक्षाकडे नावही नोंदवावं लागत नाही. त्या दिवशी मतपत्रिकेवरच्या कुठल्याही एकाच पक्षाच्या रकान्यात खूण करायची. त्यामुळे उमेदवाराला आरोग्यविम्यापासून इस्रायलपर्यंत प्रत्येक राष्ट्रीय प्रश्नावर स्वतःची भूमिका मांडावी लागते. 'वरून आदेश आला' असं सांगून त्याला सुटता येत नाही.

अशा भूमिका कशा ठरतात, टिकतात आणि बदलतात, हे एका माणसाच्या निमित्तानं पाहायचं तर मराठी वाचकाला डॉ. श्री ठाणेदार यांच्याइतकं सोयीचं उदाहरण सापडणार नाही. जन्म चिकोडीचा, 1955 चा. बालपण बेळगावातलं, घरात खाणारी तोंडं फार आणि मिळकत तुटपुंजी. बँकेत कारकुनी, मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्राची एमएस्सी, काही काळ भाभा अणुसंशोधन केंद्र, आणि 1979 मध्ये ओहायोतल्या ॲक्रन विद्यापीठात पीएचडीसाठी प्रयाण. 1991 मध्ये 75 हजार डॉलरचं कर्ज काढून सेंट लुईसमधली एक छोटी रासायनिक प्रयोगशाळा घेतली आणि वाढवली. मंदीच्या तडाख्यात 2010 मध्ये बँकेनं तो सगळा पसारा ताब्यात घेतला. मग मिशिगनमध्ये नवी प्रयोगशाळा उभी केली आणि 2016 मध्ये तिचा मोठा हिस्सा विकून ते पुन्हा श्रीमंत झाले. या प्रवासाचा पूर्वार्ध 'ही श्रीची इच्छा' या त्यांच्या आत्मकथनातून महाराष्ट्रातल्या हजारो घरांत पोचला आहे.

मराठी वर्तमानपत्रांत ठाणेदार येतात ते बहुतेक वेळा याच यशोगाथेचे नायक म्हणून. 'मराठी माणूस अमेरिकेच्या संसदेत' हा मथळा झाला की बातमी संपते. तो माणूस तिथं कशाच्या बाजूनं उभा आहे, कशावर त्यानं मत बदललं, कुणाच्या पैशानं निवडून आला आणि कुणाच्या पैशाविरुद्ध, याबद्दल आपल्याकडे जवळपास काहीच लिहिलं जात नाही. ही उणीव नुसती कौतुकाच्या अतिरेकामुळे नाही. तिथली निवडणूक नेमकी कुठे लढली जाते, हेच आपण नीट समजून घेत नाही.

ठाणेदारांचा मतदारसंघ म्हणजे मिशिगनचा 13 वा. डेट्रॉइट शहराचा मोठा भाग, त्याच्या पोटात वसलेली हॅमट्रॅमिक आणि हायलँड पार्क ही छोटी शहरं, दक्षिणेला टेलर, लिंकन पार्क, वायनडॉट अशी कामगारवस्तीची गावं आणि पूर्वेला सरोवराकाठची गडगंज ग्रोस पॉइंट्स. 2013 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करणारं डेट्रॉइट ते हेच. तेव्हा शहराच्या डोक्यावरची देणी सुमारे 18 अब्ज डॉलर होती. नोव्हेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीत इथं रिपब्लिकन उमेदवाराचा टिकाव लागत नाही. ठाणेदारांना 2022 मध्ये सुमारे 71 टक्के आणि 2024 मध्ये 68 टक्क्यांच्या वर मतं मिळाली. म्हणजे खरी कुस्ती ऑगस्टमध्येच, डेमोक्रॅटिक पक्षाच्या आखाड्यात. 2022 च्या त्या कुस्तीत उमेदवारांची इतकी गर्दी होती की ठाणेदार अवघ्या 28 टक्के मतांवर जिंकले. पुढचं सगळं वाचताना हा आकडा लक्षात ठेवलेला बरा.

आरोग्य आणि मजुरी या दोन विषयांवर त्यांची भूमिका पहिल्यापासून स्पष्ट आहे. 2018 मध्ये ते मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी उभे राहिले तेव्हा सरकारनं सर्वांचा आरोग्यविमा चालवावा, किमान वेतन ताशी 15 डॉलर व्हावं आणि गांजाला कायदेशीर मान्यता मिळावी, अशी त्यांची मांडणी होती. स्वतःच्या खिशातले सुमारे 1 कोटी डॉलर त्यांनी त्या मोहिमेत ओतले. मतदारांची जीभ आपल्या नावावर अडखळते, याचीच त्यांनी गमतीदार जाहिरात केली होती. पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत राज्यभरात ते तिसरे आले. ग्रेचन व्हिटमर जिंकल्या. डेट्रॉइट शहरात मात्र सर्वांत जास्त मतं ठाणेदारांना पडली, आणि त्यांच्या पुढच्या राजकारणाचा पत्ता तिथंच ठरला.

त्या वेळी त्यांच्यावर एक आक्षेप घेतला गेला, तो आजही पाठ सोडत नाही. 2008 मध्ये त्यांनी रिपब्लिकन जॉन मॅकेन यांच्या मोहिमेला देणगी दिली होती, 2016 मध्ये मार्को रुबिओ यांच्या सभेत ते दिसले होते, आणि गव्हर्नरपदाची तयारी करताना कुठल्या पक्षातून उभं राहावं याची त्यांनी चाचपणी केली, असं काही राजकीय सल्लागारांनी पत्रकारांना सांगितलं. ठाणेदारांनी हे फेटाळलं. आपण मनानं आणि मतानं डेमोक्रॅटच आहोत, असं ते सांगत राहिले. आक्षेपात तथ्य किती हा प्रश्न वेगळा, पण त्यानंतरच्या आठ वर्षांत आरोग्यविमा आणि किमान वेतन या दोन्ही मुद्द्यांवरून ते हललेले नाहीत, एवढं तरी त्यांच्या पदरात टाकायला हवं. 'मेडिकेअर' ही वृद्धांसाठीची सरकारी विमा योजना सर्वांना लागू करावी, या मागणीच्या बाजूनं ते काँग्रेसमध्येही, म्हणजे अमेरिकेच्या संसदेतही, उभे राहिले.

किमान वेतनाचा मुद्दा डेट्रॉइटमध्ये पुस्तकी नाही. केंद्रीय किमान वेतन 2009 पासून ताशी 7.25 डॉलरवर थिजलेलं आहे. मिशिगननं स्वतःचा दर फेब्रुवारी 2025 मध्ये 12.48 डॉलरवर नेला, पुढच्या जानेवारीत तो 13.73 झाला. म्हणजे 2018 मध्ये ज्या 15 डॉलरच्या घोषणेला डाव्यांचं स्वप्नरंजन म्हणून हिणवलं गेलं, ती राज्याच्या कायद्यात जवळजवळ आली. वॉशिंग्टनमध्ये मात्र सुई हललेली नाही. एकट्या खासदाराच्या भूमिकेला किती वजन असतं, हेही यातून कळतं. 435 जणांच्या सभागृहात विधेयकाचा सहप्रस्तावक होणं सोपं, ते पटलावर आणून मंजूर करून घेणं हे बहुमतवाल्यांच्या हातात.

आयात शुल्काचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे, आणि इथं ठाणेदारांची खरी कोंडी दिसते. मार्च 2025 मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी परदेशी मोटारींवर 25 टक्के शुल्क जाहीर केलं. मोटार कामगारांची संघटना यूएडब्ल्यू आणि तिचे अध्यक्ष शॉन फेन हे ट्रम्प यांचे कडवे टीकाकार. पण या निर्णयाचं त्यांनी स्वागत केलं. कारखाने मेक्सिकोला जाताना ज्यांनी पाहिले, त्या कामगारांना आयातीवरचा कर गोड लागणारच. सप्टेंबर 2023 मध्ये हीच संघटना तीन बड्या कंपन्यांविरुद्ध संपावर गेली तेव्हा मिशिगनचे डेमोक्रॅट नेते संपकऱ्यांच्या पाठीशी होते. 2025 मध्ये तीच संघटना ट्रम्प यांच्या शुल्काला टाळ्या वाजवत होती, आणि ठाणेदारांनी मात्र ट्रम्प यांच्यावर महाभियोगाचे जे आरोप ठेवले त्यांत व्यापारविषयक अधिकारांचा गैरवापर हाही एक आरोप होता. कामगारांच्या खासदारानं कामगार संघटनेच्या उलट बाजूला उभं राहायचं, तर त्याचं कारण मतदारांना सविस्तर सांगायला हवं. शुल्क लावण्याचा अधिकार राज्यघटनेनं काँग्रेसला दिला आहे, अध्यक्षाला नाही, हा त्यावरचा बिनतोड युक्तिवाद होता. तो त्यांनी आरोपपत्रात कोंबला, स्वतंत्रपणे लढवला नाही.

इस्रायलच्या प्रश्नावर तर त्यांनी पूर्ण वळण घेतलं.

2021 मध्ये मिशिगनच्या विधिमंडळात असताना ठाणेदार एका ठरावाचे सहप्रस्तावक होते. इस्रायलच्या धोरणाला वर्णभेदी ठरवून अमेरिकेनं त्याची मदत थांबवावी, असा त्या ठरावाचा रोख होता. त्याची किंमत पुढच्याच वर्षी मोजावी लागली. 2022 च्या प्राथमिक निवडणुकीत इस्रायलसमर्थक एआयपॅक या संघटनेशी जोडलेल्या निधीनं ठाणेदारांचे प्रतिस्पर्धी ॲडम हॉलियर यांच्यासाठी 40 लाख डॉलरहून अधिक खर्च केले. ठाणेदार स्वतःच्या पैशावर टिकले. इथं एक विचित्र गोष्ट लक्षात येते: बाहेरून येणाऱ्या पैशाला तोंड द्यायचं तर घरचाच पैसा लागतो, म्हणजे डाव्या विचाराचा उमेदवार टिकतो तोही कोट्यधीश असला तर.

काँग्रेसमध्ये गेल्यावर सूर बदलू लागला. 2023 मध्ये ते इस्रायलला जाऊन आले. हमासनं 7 ऑक्टोबर 2023 रोजी हल्ला केला. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये पॅलेस्टाइनच्या समर्थनार्थ निदर्शनं झाली आणि त्यांना डेमोक्रॅटिक सोशलिस्ट्स ऑफ अमेरिका या डाव्या संघटनेच्या स्थानिक शाखेनं हवा दिली. ठाणेदारांनी त्यावरून संघटनेचं सदस्यत्व जाहीरपणे सोडलं. दहशतवादाचा निःसंदिग्ध निषेध न करणाऱ्यांसोबत आपण राहू शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. शेजारच्या मतदारसंघातल्या रशिदा त्लैब, काँग्रेसमधल्या एकमेव पॅलेस्टिनी वंशाच्या सदस्य, यांच्याशी त्यांचे उघड खटके उडाले. 2024 च्या निवडणुकीत एआयपॅकशी जोडलेल्या त्या निधीनं ठाणेदारांच्या विरोधात पैसा लावला नाही.

माणसाचं मत अनुभवानं बदलतं, त्यात गैर काही नाही, आणि 7 ऑक्टोबरनंतर अमेरिकेतल्या अनेकांची मतं दोन्ही दिशांना हलली. पण इथं बदलाचा क्रम पाहिला की शंका घ्यायला जागा उरते: ठराव, मग विरोधात ओतलेला पैसा, मग दौरा, मग संघटनेला रामराम. ठाणेदारांनी या बदलाचं सविस्तर आणि प्रामाणिक स्पष्टीकरण दिलं असतं तर ते टीकाकारांना पचवावं लागलं असतं. ज्या मतदारसंघात हॅमट्रॅमिकसारखं मुस्लिमबहुल शहर आहे, तिथं तर ते देणं भागच होतं.

भारताशी निगडित प्रश्नांवर ते अधिक मोकळेपणानं बोलतात. ऑगस्ट 2023 मध्ये रो खन्ना आणि मायकल वॉल्ट्झ यांच्या नेतृत्वाखाली दोन्ही पक्षांच्या खासदारांचं जे शिष्टमंडळ भारतात आलं आणि 15 ऑगस्टच्या लाल किल्ल्यावरच्या समारंभाला हजर राहिलं, त्यात ठाणेदार होते. पुढच्याच महिन्यात त्यांनी काँग्रेसमध्ये हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन समाजांच्या प्रश्नांसाठी एक गट स्थापन केला. एप्रिल 2024 मध्ये अमेरिकेतल्या हिंदूंवरील हल्ले आणि मंदिरांची विटंबना यांचा निषेध करणारा ठराव आणला. तो समितीकडे गेला आणि तिथंच राहिला. बांगलादेशात शेख हसीना यांची सत्ता गेल्यावर तिथल्या हिंदूंच्या सुरक्षेचा विषयही त्यांनी लावून धरला.

या ठरावांनी टीकाही ओढवून घेतली. भारतातल्या हिंदुत्ववादी राजकारणावर बोट ठेवणाऱ्यांना गप्प करायला 'हिंदूद्वेष' हा शब्द वापरला जाईल, अशी भीती अमेरिकेतल्या काही भारतीय मुस्लिम आणि दलित संघटनांनी या प्रकारच्या ठरावांबाबत सतत मांडली आहे. ही भीती निराधार म्हणता येत नाही. तसंच मंदिराच्या भिंतीवर रात्रीतून रंगवलेल्या घोषणा पाहून घाबरलेल्या कुटुंबाची तक्रारही खोटी नाही. राहता राहिला डेट्रॉइटचा मतदार. त्याच्या मतदारसंघात भारतीय वंशाचे लोक थोडे आहेत. हा विषय ठाणेदार हाताळतात तो देशभरच्या भारतीय अमेरिकन समाजासाठी, आणि देणग्याही त्या समाजातून येतात. प्रतिस्पर्ध्यांना नेमका हाच धागा सापडतो.

स्थलांतरावर मात्र त्यांचं चरित्र आणि त्यांची भूमिका यांचं नातं सरळ आहे. विद्यार्थी म्हणून आलेला आणि 1988 मध्ये नागरिक झालेला माणूस एच-वन-बी व्हिसांची संख्या वाढवा आणि ग्रीन कार्डसाठी देशनिहाय लावलेली मर्यादा काढा, असं म्हणणारच. त्या मर्यादेमुळे पुण्या-हैदराबादहून गेलेले अभियंते दशकं रांगेत ताटकळतात. कितीतरी मराठी घरांना हे वेगळं सांगायला नको. जानेवारी 2025 मध्ये ट्रम्प यांनी जन्मसिद्ध नागरिकत्वावर घाला घालणारा आदेश काढला, त्याला विरोध करणाऱ्या भारतीय वंशाच्या खासदारांत ठाणेदार होते. वर्षभरानं ते आणखी पुढे गेले. मिनियापोलिसमध्ये 7 जानेवारी 2026 रोजी आयसीई या स्थलांतर अंमलबजावणी यंत्रणेच्या अधिकाऱ्याच्या गोळीनं एका महिलेचा मृत्यू झाला, आणि त्याच महिन्यात ठाणेदारांनी ही यंत्रणाच बरखास्त करण्याचं विधेयक पुढे आणलं. आयसीई 2003 मध्ये जन्माला आली, म्हणजे ती काही अमेरिकेच्या राज्यघटनेइतकी जुनी नाही. तरीही अनेक डेमोक्रॅट खासदार 'बरखास्त' हा शब्द उच्चारायला कचरतात. रिपब्लिकन बहुमताच्या सभागृहात हे विधेयक मंजूर होण्याची शक्यता नाही, हे ठाणेदारांनाही ठाऊक असणार.

त्यांच्या कारकिर्दीतलं सर्वांत गाजलेलं प्रकरण महाभियोगाचं. 28 एप्रिल 2025 रोजी त्यांनी ट्रम्प यांच्यावर सात कलमी आरोपपत्र दाखल केलं. न्यायात अडथळा, काँग्रेसनं मंजूर केलेला पैसा अडवणं, व्यापाराधिकारांचा गैरवापर, अभिव्यक्तिस्वातंत्र्याची पायमल्ली, इलॉन मस्क यांच्या हाती दिलेलं बेकायदा खातं, भ्रष्टाचार, आणि सर्वांवर कडी म्हणून हुकूमशाही वर्तन. पक्षाच्या नेत्यांना न विचारता हे झालं होतं. काही ज्येष्ठ डेमोक्रॅटांची नावं सहप्रस्तावक म्हणून लागली होती, त्यांनी ती मागे घेतली.

त्याच दिवशी डेट्रॉइटमध्ये आणखी एक घटना घडली. डोनावन मॅकिनी या तरुण कृष्णवर्णीय आमदारानं ठाणेदारांविरुद्ध 2026 च्या प्राथमिक निवडणुकीत उतरण्याची घोषणा केली. पाठीशी जस्टिस डेमोक्रॅट्स, म्हणजे 2018 मध्ये अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ यांना पुढे आणणारा गट. पुढे बर्नी सँडर्स आणि रशिदा त्लैब यांचाही पाठिंबा आला. तारखा जुळल्या हा योगायोग मानायचा की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

पुढचा अंक दोन आठवड्यांनी झाला. महाभियोगाचा प्रस्ताव विशेषाधिकाराचा असतो: एखाद्या सदस्यानं तशी सूचना दिली की दोन कामकाजी दिवसांत सभागृहाला तो विचारात घ्यावाच लागतो, बहुमतवाल्यांची इच्छा असो वा नसो. ठाणेदारांनी तशी सूचना दिली. 14 मे रोजी मतदानाची वेळ आली. पक्षातले सहकारी त्यांची समजूत घालत होते, कारण हरणारं मतदान झालं तर ट्रम्प यांना फुकटचा विजय मिळेल आणि काठावरच्या मतदारसंघांतले डेमोक्रॅट अडचणीत येतील. ऐन वेळी ठाणेदारांनी प्रस्ताव पुकारलाच नाही. इतका गाजावाजा करून शेवटी माघार, यानं नेते सुखावले आणि महाभियोग हवा असलेले कार्यकर्ते चिडले; दोन्हीकडून टीका पदरी आली. जूनमध्ये टेक्ससचे अल ग्रीन यांनी वेगळा प्रस्ताव मतदानाला लावला, तो 344 विरुद्ध 79 मतांनी बाजूला सारला गेला आणि त्यात 128 डेमोक्रॅट रिपब्लिकनांच्या बरोबर होते. ग्रीन हरले, पण कोण कुठे उभं आहे हे नावानिशी नोंदलं गेलं. ठाणेदारांच्या प्रस्तावाची तशी नोंदच नाही. डिसेंबर 2025 मध्ये त्यांनी संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांच्यावर महाभियोगाची कलमं दाखल केली.

गर्भपाताचा हक्क, शस्त्रनियंत्रण, पर्यावरण या विषयांवर त्यांच्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं फार नाही. ते पक्षाच्या मधल्या वाटेनं जातात.

मॅकिनी यांच्याशी लढत धोरणाइतकीच प्रतिनिधित्वाची आहे. चार्ल्स डिग्ज 1955 मध्ये काँग्रेसमध्ये गेल्यापासून डेट्रॉइटला कायम कृष्णवर्णीय खासदार होता. जॉन कॉनियर्स तर 1965 ते 2017 अशी बावन्न वर्षं होते. जानेवारी 2023 मध्ये ठाणेदार शपथ घेत असताना ती साखळी तुटली. बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्तीच्या शहरात याची सल खोल आहे. 2024 मध्ये हॉलियर पुन्हा उभे राहणार होते आणि काँग्रेसमधल्या अनेक कृष्णवर्णीय सदस्यांचा त्यांना पाठिंबा होता, पण उमेदवारीसाठी लागणाऱ्या 1,000 सह्यांत बनावट सह्या सापडल्या आणि अर्ज बाद झाला. आक्षेप ठाणेदारांच्या बाजूनंच घेतला होता. नगरसेविका मेरी वॉटर्स यांना हरवून ते सुमारे 55 टक्के मतांनी जिंकले.

आरोग्यविमा, मजुरी आणि स्थलांतर या तीन प्रश्नांवर ठाणेदारांची नोंद सलग आणि वाचण्यासारखी आहे. इस्रायलवर त्यांनी दिशा बदलली आणि कारण पुरतं सांगितलं नाही. महाभियोगावर त्यांनी आवाज मोठा केला आणि मत नोंदवायची वेळ आली तेव्हा पाऊल मागे घेतलं. बेळगावच्या मुलाचं कौतुक करणाऱ्या मराठी वाचकानं पुढच्या वेळी त्याच्याबद्दलची बातमी वाचताना त्यानं सभागृहात कोणतं बटण दाबलं, तेही शोधून पाहावं; प्रतिनिधीगृहाच्या नोंदी सर्वांना खुल्या असतात. मिशिगनच्या प्राथमिक निवडणुकीची ठरलेली तारीख 4 ऑगस्ट 2026 आहे.